गाडीखालचं तांबडं

माझं माहेर कमठाण्याजवळचं, तांबड्या माळावरचं. अप्पा मेंढरं राखायचे, आन् तिकडची माती अशी तांबडी की पावसाळ्यात पांढरं मेंढरू पांढरं दिसायचंच न्हाई. लगीन होऊन भालकीला आले तवा सासू माझ्या लुगड्याचा काठ बगून म्हनली, वीटभट्टीवरची सून आनली का रं बाबा. भालकीची माती काळी. नवऱ्याचं उदगीर रस्त्याला गाड्या धुवायचं सर्विशिंग, एक खड्डा, एक पंप, वर पत्रे. आधी मी निस्ती भाकर घेऊन जायची. मग ह्यांची कंबर धरली, खड्ड्यात उतरता येईना, तवा मी उतरले. बाईमानूस गाडीखाली जायलंय म्हनून लोकांनी नावं ठेवली, ठेवू द्या, त्यांच्या घरून काय आमची चूल पेटत न्हवती. वीस-बावीस वर्सं झाली. आता तेच लोक अक्का अक्का करत येतात.

काय सांगू तुमाला, माझं तोंड आधीपासून असंच. ह्यांनी एक म्हनलं की मी दोन म्हननार. त्याच्यानंच घात झाला.

कमठाण्याला एक गुरुजी हायत, शाळेतून रिटायर होऊन लई वर्सं झाली. त्यांच्याकडं वडलांच्या येळची पांढरी अँबॅसिडर हाय, दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाईत. मी माहेरच्या वळखीची, म्हनून मला लक्षुम म्हनायचे. त्यांची एकुलती नात शारदा, आईबाप न्हाईत तिला, गुरुजींनीच वाढवली. तिचं लगीन ठरलं गुलबर्ग्याला. गुरुजी गाडी घेऊन आले आन् म्हनले, लक्षुम, नवरीला ह्याच गाडीत बसवून मी सोता चालवत नेनार हाय, लांबचा पल्ला हाय, खालून काय चांगलं असंल ते लाव.

आता लावायचं म्हनजे माझ्याकडं दोन गोष्टी. एक जवसाचं तेल, त्याच्यात मेन वितळवून घालायचं, ते लावलं तरी खालचं लोखंड दिसत ऱ्हातं, कुठं काय झालं ते कळतं. पर ते चिकट, त्याच्यावर धूळ बसती, वर्साला परत लावावं लागतं. दुसरं ते डब्यातलं काळं रबरी, फवारा मारला की दोन दिवसांत वाळतं, जुनी गाडी खालून नवीकोरी दिसती, पर एकदा मारलं की खाली काय हाय ते देवाला ठावं. गुरुजी म्हनले, तेल नको गं, चढता-उतरता पोरीच्या शालूला डाग लागंल. मी म्हनले, मग काळं मारू. मला बी तेच सोपं होतं, खोटं कामून बोलू.

गाडी धुतली. मागच्या बाजूला, स्प्रिंगचे पाटे जिथं धरल्यात तिथं आन् सीटखाली, तांबडं काय जाईना. दोनदा पंप मारला. हे वरून वाकून बगायले. म्हनले, अगं हा गंज हाय, पेचकसानं टोचून बग. मी म्हनले, तुमी काळ्या मातीतले, तुमाला तांबडं दिसलं की गंजच दिसतो, ही माझ्या माहेरची माती हाय, जल्म गेला तिच्यात. हे परत म्हनले, टोच की एकदा. मी म्हनले, तुमीच उतरा की मग खड्ड्यात. कंबर मोडल्याल्या मानसाला असं बोलले बगा मी. आन् मी काळं मारलं. लगनाच्या आदल्या दिवशी गुरुजी आले, वाकून बगितलं, खूश झाले. लोखंड कसं हाय म्हनले. मी म्हनले, ठनठनीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा साफ करायला उतरले. तळाला तांबड्या चिखलाचा थर बसल्याला. बादलीनं पानी ओतलं, चिखल विरघळून वाहून गेला, पर खाली चिपट्या राहिल्या, मोडक्या पापडावानी. एक हातात घेऊन दाबली तर विरघळंना, बोटच कापलं. ह्यांना हाक मारली, त्यांनी जुन्या स्पीकरमधलं चुंबक आनलं, चिपट्या टकाटका त्याला जाऊन चिकटल्या. माती कुठं चुंबकाला चिकटती का हो. ह्यांनी ते चुंबक माझ्या हातात दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वऱ्हाड निघालं असनार. गुरुजींना फोन लावला, निस्ता वाजायलाय. लावला, लावला, सात-आठ येळा लावला. गाडी चालवताना गुरुजी फोन उचलत न्हाईत, त्यांची रीतच हाय. मला ठावं होतं की हुमनाबादला देवळाम्होरं नारळ फोडायला थांबनार. ह्यांनी फटफटी काढली. म्हनले, बस. त्या कंबरेनं ते कशी चालवायले असतील त्यांचं त्यांना ठावं, प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडातून आवाज यायचा आन् मला वाटायचं, ह्याच टायमाला तिकडं ती गाडी बी खड्ड्यात गेली असंल. हातात पेचकस धरला होता, का घेतला ते बी आठवत न्हाई. सगळ्या वाटंनं एकच दिसायलं, मागची सीट खाली बसली आन् पोरगी चाकाखाली.

हुमनाबादला पोचलो तवा नारळ फोडून झाल्ता, गुरुजी गाडी चालू करायले. मी म्होरं जाऊन दोन्ही हात बोनेटवर ठिवले. मागं वऱ्हाडाचा टेम्पो, सगळे बगायले. गुरुजी म्हनले, लक्षुम, बाजूला हो, मुहूर्त हाय. मी म्हनले,

“गुरुजी, शारदाला खाली उतरवा. माझी चूक झाली.”

टेम्पोतली एक म्हातारी कडाडली, हळदीची नवरी मधी रस्त्यात उतरवतात व्हय, अपशकुन हाय. गुरुजी म्हनले, काल तर ठनठनीत म्हनलीस. मी म्हनले, मी बगितलंच न्हवतं. ते स्टेरिंग धरून तसेच बसले, ऐकंनात. मग मी काय केलं, तशीच डांबरावर पाठ टेकली आन् गाडीखाली सरकले. काळं वरून चकचकीत, कुठं चीर न्हाई. सीटखाली पेचकस लावला आन् निस्ता रेटला. मुठीपतोर आत गेला. वर शारदा किंचाळली, तिच्या पायाच्या बोटाजवळून टोक वर आल्तं. मग पाट्याच्या जागंवर ठोकलं तर तळहाताएवढा तुकडा माझ्या छातीवर पडला.

मी तो तुकडा घेऊन बाहीर आले. शारदा सोताच उतरली, आजोबाचा हात धरला आन् टेम्पोत बायकांमधी जाऊन बसली. गुरुजी बी टेम्पोत बसले. माझ्याकडं बगितलं सुदिक न्हाई. गाडी तिथंच ऱ्हायली. आमी दोघं रस्त्याच्या कडंला बसलो आन् मी लई रडले. हे म्हनले, चल, पोरगी जिती हाय.

पोरगी सुखरूप नांदायली. पर गुरुजी वरीसभर बोलले न्हाईत. मग एक दिवस तीच गाडी दुसऱ्या गाडीवर लादून घेऊन आले. ह्यांनाच सांगितलं, पत्रा नवा घाला. वेल्डिंगवाल्यानं आठ दिवस काम केलं. मग हे म्हनले, वर काय लावायचं गुरुजी. गुरुजी ह्यांनाच म्हनले, जवसाचं लाव म्हनावं तिला. असं म्हनून पायतन काढलं, धोतर खोचलं, आन् पंच्याहत्तरीचा मानूस खड्ड्यात उतरला. हे काय, ते काय, एकेका तांबड्या डागावर बोट ठेवायले. मी पानी लावून चोळून दाखवायची, विरघळली की माती. विरघळली न्हाई की पेचकस. दीड तास. घामानं निथळले. आन् मग मला म्हनले, आता लाव.

तवापासून दर वर्साला दिवाळी झाली की येतात, आन् मी तेल लावायच्या आधी खड्ड्यात उतरतात. मला राग यायचा न्हाई. त्यांचा हक्कच हाय तो. दुसरे गिऱ्हाईक हसायचे, मी म्हनायची, हसू नका, तुमी बी उतरा.

यंदा आले तर गुडघे लई दुखायले, काठी आल्याली. शारदा संगं, तिचा लेक कडेवर, गुलबर्ग्याला त्याच गाडीत जायचं होतं त्यांना. मी सगळं धुतलं, सगळं टोचलं, आन् वर येऊन म्हनले, गुरुजी, हात देऊ का, उतरता का. ते स्टुलावर बसलेले. पोराला मांडीवर घेतलं आन् म्हनले,

“तू बगितलीस न्हवं लक्षुम? मग बास.”

मी खाली गेले आन् गाडीखाली हुबी ऱ्हायले, वर त्यांचं बोलनं ऐकू यायलंय, पोरगं हसायलंय. तेलाचं भांडं हातात होतं, ते बाजूला ठिवलं. पेचकस घेतला आन् पैल्यापासून एकेक जागा परत टोचत गेले. मग लावलं. जाताना पोरानं हात हलवला, मी म्हनले, जा माझ्या बापा, सुखानं जा.