सातासमुद्रापारची तुरपाई

…अन् मी म्हणते, ऑफिसातली तार बिघडली त बिघडली, पण माणसाची जीभ काहून बिघडावी? तीन दिवस, तुमाले सांगते, तीन दिवस मी मुद्दाम भाजीत मीठ टाकलं नाही. पाहावं म्हटलं, ह्या माणसाचं ध्यान ताटात आहे का नाही! पहिल्या दिवशी आळणी वांगं… "छान झालं." दुसऱ्या दिवशी आळणी वरण… "छान झालं." तिसऱ्या दिवशी त मी नुसतं उकडलेलं दोडकं वाढलं, बाप्पा! त म्हणे, "उमा, आज वांगं छान झालं." आता बोला!

हा माणूस म्हणजे आमचे हे. उखाण्याबिगर मी नाव घेत नाही, पण तुमाले समजलं पाह्यजे म्हणून एकडाव सांगते… गुणाकर. झालं, घेतलं! बालाघाटात सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीचे मालक. मालक कायचे, रखवालदार! बारा कॉम्प्युटर, मधात एक डब्बा, बाराही जणांच्या तारा त्या डब्ब्यात खुपसलेल्या, अन् बैहर-परसवाड्याच्या ऑफिसायचे कागद बी तिथूनच येतेत-जातेत. डब्ब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकले की हे खूष. माह्याकडं कधी इतकं टक लावून पाह्यलं नाही, जाऊ द्या. पण त्या वर्षीच्या दसऱ्यापासून माह्या टकुऱ्यात एक माणूस येऊन बसला तो जाऊनच नाही राह्यला. कोण कुठला तो, ना नात्याचा ना गोत्याचा!

झालं असं, की खंडेनवमीले आपल्या घरी विळा, सायकल, शिलाई मशीन, साऱ्याची पूजा होते का नाही? तशी आमच्या यायनं ऑफिसात कॉम्प्युटरची मांडली. डब्बा बंद केला, पुसला, हळदकुंकू, तारायले पूजेचा लाल नाडा, झेंडूची फुलं… साग्रसंगीत! तिथं मंजू म्हणून एक पोट्टी आहे, कंत्राटावर टायपिंग करते. बाप तिकडं उकवा गावाले, पायानं अधू, घरचं सारं हिच्याच पगारावर. तिनं हौसेनं देवीच्या जसगीताची सीडी आणली अन् आरतीपुरती एका कॉम्प्युटरवर लावली. साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या, साहेबानं त दोनदा प्रसाद घेतला! मंग दसऱ्याची सुट्टी. अन् सुट्टीनंतर बटन दाबलं त काय… डब्ब्याचे दिवे लुकलुकेनात, नुसते भणभण पेटून राह्यले वरातीतल्या झालरीवानी, अन् बाराही कॉम्प्युटर ठप्प! बैहर नाही, परसवाडा नाही, काहीच नाही!

साहेब म्हणजे दुलीचंदजी. त्यायचं पहिले पोट आत येते, मंग आवाज. "गुणाकर बाबू! सीडी किसकी थी? लड़की ने वायरस घुसाया है!" मंजू रडकुंडीले. हे म्हणे, "सर, पता करना पड़ेगा." "तो करिए! शनिवार तक पता नहीं लगा तो आप लिख के दीजिए कि मंजू की सीडी से हुआ. सोमवार से उसकी छुट्टी!" आता ऐका, पोट्टीच्या पोटावर पाय द्यायचा साहेबानं, अन् कागदावर सही आमच्या यायची! म्हणून ते दोडकं वांग्यासारखं लागत होतं… मले मागून समजलं.

आता यायच्याजवळ एक प्रोग्राम होता. तारेतून काय काय वाह्यते ते सारं ओळीओळीनं दाखवणारा. फुकटचा! अन् नुसता फुकटच नाही, त्याची कृती बी उघडी! म्हणजे पहा, मी तुमाले अनारसे देईन, पण पिठाची गोम सांगीन काय? सख्ख्या जावेले नाही सांगितली अजून! अन् हे लोक म्हणतेत, घ्या अनारसे, घ्या कृती, अन् काही बिघडलं त कळवा, आमी सुधारतो. मी म्हटलं, "असं कोणी करते काय?" हे म्हणे, "करतेत." "काहून?" त म्हणे, "मलेही मालूम नाही."

पण तो प्रोग्राम लावला की दोन ओळी दाखवे अन् पडे तोंडघशी. उठवला की पडे, उठवला की पडे! मंग यायनं अश्विनच्या इंटरनेटच्या दुकानात बसून तो बनवणाऱ्यायले पत्र लिहिलं. अठरा वर्षं सरकारी नोकरी, दुसरी भाषा येते कुठं? "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट…" विषय, "फॉलिंग ऑफ प्रोग्राम!" खाली हुद्दा, तारीख, सारं सारं. मी इतकी हासली, इतकी हासली… म्हटलं, "राखीच्या वेळी माह्या भावाले पत्र टाकलं, त्याचं उत्तर नाही आलं अजून, अन् हा साता समुद्रापारचा तुमाले लिहीन? ना नात्याचा ना गोत्याचा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर!

अन् उत्तरात काय? "हाय गुणाकर!" हाय? अरे, पंधरा वर्षं संसार केला मी, माह्या तोंडून नाव निघत नाही, अन् हा पहिल्याच ओळीत हाय गुणाकर! पण पुढं ऐका. म्हणे, तुमच्या तारेतला तो तुकडा पाठवा. यायनं पाठवला. संध्याकाळी पुन्हा पत्र. "सापडलं. चूक आमची. दोन वर्षांपासून होती, कोणाच्या ध्यानात आली नाही. कळवलं म्हणून धन्यवाद." चूक आमची! आईशप्पत सांगा, तुमाले कधी कोणी म्हटलं असं? दुधवाला म्हणते काय, पानी जास्त पडलं, चूक आमची? हे त ती ओळ पुन्हा पुन्हा वाचून राह्यले. पुढं लिहिलं होतं, शुक्रवारी आमचं नवं निघूनच राह्यलं, त्यात तुमचंही टाकतो.

मी विचारलं, "नवं म्हणजे काय काय नवं?" हे म्हणे, "नवं काहीच नाही. जुन्यात जिथं जिथं उसवलं तेवढं शिवलं." "म्हणजे तुरपाई!" "हौ, तुरपाई." अन् यायनं पत्रासंगं आलेली यादी दाखवली. चौदा ठिकाणी उसवलं होतं, चौदा ठिकाणी शिवलं, एक टाका ह्या देशातला, एक त्या देशातला, अन् कोणी कोणाचं तोंड पाह्यलेलं नाही! वर आकडा होता त्यातला शेवटचा तेवढा बदलला, तीनाचा चार. बस! आता मी मशीनवर बसणारी बाई, मले विचारा. तुरपाई चांगली झाली त दिसत नाही, अन् दिसत नाही म्हणून तिचं कोणी नाव घेत नाही. अन् ह्या लोकायनं त आभाराची यादी लावली होती खाली, अन् त्यात… माह्या अंगावर काटा आला बाप्पा… त्यात यायचं नाव! यायचे डोये भरून आले. मले म्हणे, "कचरा गेला." दोन्ही डोयात?

त्यायचा शुक्रवार म्हणजे आपली शनिवारची सकाळ. शनिवार! साहेबाची मुदत! हे दुकान उघडायच्या आधी जाऊन बसले. मी जेवणाचा डब्बा घेऊन गेली त पडद्यावर एक पट्टी, गोगलगाय बरी असं चाललेली. मीही बसली पाहत. घरी भांडे पडले होते, पण उठवेना! समुद्रापलीकडून एक एक टाका येऊन राह्यला, बालाघाटात, अश्विनच्या दुकानात, माह्या डोयासमोर! पट्टी शेवटाले आली… अन् आतून अश्विनच्या वडिलांनी, भैयालालभाऊंनी, फोन उचलला. "हालो? कोण शिट्ट्या मारून राह्यलं?" तवा इंटरनेट फोनच्याच तारेतून ये, गेली लाईन! पुन्हा पहिल्यापासून! यायनं माह्या डब्ब्याचं झाकण उघडलं अन् लावलं, उघडलं अन् लावलं.

दुपारी एकदाचा प्रोग्राम पुरा उतरला, अन् तो घेऊन तीन वाजता ऑफिस. मीही गेली मागंमागं, डब्ब्याचं निमित्त. साहेब घड्याळ पाहून राह्यले, टेबलावर कोरा कागद अन् पेन, कोपऱ्यात मंजू, अन् झाडूवाल्या दुर्गाबाई दारात. यायनं प्रोग्राम लावला. एक ओळ… दोन ओळी… तीन… पडलाच नाही! धडाधडा ओळी! अन् सगळ्या ओळी सारख्या. हे पाहतच राह्यले. म्हणे, "सर, वायरस नहीं है. सुबह एक कॉम्प्युटर ने एक बार आवाज़ दी, फलाना नंबरवाला कौन है… बस वही आवाज़ है. वही, लाखों बार, गोल गोल घूम रही है." म्हणजे तार कुठंतरी गोल झाली होती!

मंग हे गेले डब्ब्यामागं, एक एक तार बोटानं चाचपत. अन् एक तार बाहेर ओढली. लाल नाडा बांधलेली, कुंकू लावलेली. एक टोक डब्ब्यात. दुसरं टोक बी… त्याच डब्ब्यात! आपलीच शेपटी तोंडात! काढली, अन् दिवे लुकलुकायले लागले. मंजूनं हात जोडले.

साहेब गरजले, "यह किसने लगाया?" अन् साहेबच म्हणे, "दुर्गाबाई, झाड़ू लगाते समय तुमने घुसाया होगा!" दुर्गाबाईच्या हातचा झाडू खाली पडला. आता, तुमाले खोटं कायले सांगू, यायनं नुसतं हौ म्हणायचं होतं. मी दारातून डोयानं खुणावलं बी… म्हणा, हौ म्हणा! पण हे त्या तारेकडं पाहून राह्यले, अन् चेहरा पांढराफट. अन् म्हणे, "नहीं सर. चूक आमची… नाही, माही. मैंने लगाया. पूजेच्या वक्ताले एक टोक लोंबकळत होतं. आमच्या घरी पूजेच्या दोऱ्याचं टोक लोंबकळू देत नाहीत, कुठंतरी खोचतेत. हात अपने आप गया, सर."

आमच्या घरी म्हणजे कोणाच्या? पंधरा वर्षं कोण ओरडते, "अहो, ते टोक खोचा, अपशकुन होते"? मीच की!

मंजू सोमवारी कामावर आली. दुर्गाबाई आता यायले उठून पहिला चहा देते. त्या साता समुद्रापारच्याले यायनं सारं कबूल करून लिहिलं, त तो म्हणे, "मीही एकदा केलं होतं असंच!" कोण कुठला तो, ना नात्याचा ना गोत्याचा… अन् नात्यातल्याचं, माह्या भावाचं, पत्र यायचंच आहे अजून. अन् त्या शनिवारच्या रात्री मी मीठ टाकून भाजी केली, त पहिल्याच घासाले, "उमा, मीठ जरा जास्त झालं." म्हटलं, आला माणूस ताळ्यावर!

पण तो कोरा कागद होता ना टेबलावर, तो साहेबानं भरून घेतलाच. यायनं आपल्या हातानं लिहिलं, सही केली, शिक्का बसला, फाईलीत लागला. "नेटवर्क बंद होने का कारण: घर की पुरानी रीत." म्हणजे पहा, यायचं नाव गेलं साऱ्या दुनियेच्या आभारात… अन् मी गेली सरकारी चौकशीत!