हातगुण

नांदेडच्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर एक शहरातली बाई आणि एक खेड्यातली मावशी बोलत होत्या.

“मावशी, आत कोण आहे?”

“मालक हायती. डाक्टर काळजाची झडप बदलून राहिले. जंतूनं खाल्ली म्हनं.”

“असा कसला जंतू?”

“जनावराचा. गाय व्याली अन् जार, म्हंजी वासरामागची वार, आतच अडकला की लोक ह्यांनाच बोलवायचे. हातगुण लई चांगला. खांद्यापस्तोर हात घालून जार काढायचे.”

“हातमोजे न घालता?”

“मोज्यानं हाताला कळत न्हाई म्हनायचे. मग पाच महिने ताप. आमी टायफाइड समजून बसलो.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“नवी झडप बसंल, पन जंतू तिलाबी धरंल का, सांगता येत न्हाई म्हनले.”

“मुलंबाळं?”

“एकच, भागवत. लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होता. सोडून आला.”

“कुठंय तो?”

“सकाळी अहमदपूरकडून फोन आला, गायीचा जार अडकलाय म्हनून. मुक्या जनावराला न्हाई कसं म्हनावं? त्योच गेला, बापाचं बघून शिकलाय.”

“मोजे तरी दिलेत ना?”

“नर्सबाईकडून मागून दिले. त्यानं माझ्याच हातात परत ठेवले. म्हनला, माय, मोज्यानं हाताला कळत न्हाई.”