सामान्य माणूस पाहिजे

नाही, मला सांगा, भर दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही, पंखा झकास फिरतोय, डोळा नुकता कुठे लागलाय... आणि समोर एक लांबलचक पोरगा येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "काका, शेजाऱ्यांच्या भांडणांवर तीन मिनिटं बोलू का?" अरे, का? मी तुझं काय घोडं मारलंय?

तुम्हाला सांगतो, माझं चष्म्याचं दुकान आहे. माझ्या दुकानात एक तर चष्मा करायला माणूस येतो, नाही तर मोडलेला चष्मा घेऊन येतो आणि "आपोआप मोडला हो" म्हणून सांगतो. आजवर एवढ्या दोनच जाती मला ठाऊक. पण मध्यंतरी तिसरी जात सुरू झाली. संशोधक! पीएचडीची पोरं! आणि ही पाठवली कुणी? माझ्याच पोटच्या पोरीनं!

झालं होतं असं. मुलगी विद्यापीठात पीएचडी करते. तिथे म्हणे एक कार्यक्रम ठरला. सगळ्या विभागांच्या पोरांनी व्यासपीठावर यायचं आणि वर्षानुवर्षांचं संशोधन तीन मिनिटांत सांगायचं, तेही असं की सामान्य माणसाला कळलं पाहिजे. आता विद्यापीठात सगळं मिळतं हो, सूक्ष्मदर्शक मिळतो, दुर्बीण मिळते, पण सामान्य माणूस कुठून आणायचा? तर आमची कन्या सगळ्यांना म्हणाली, "माझ्या बाबाच्या दुकानात जा. त्याला काहीच कळत नाही." कौतुकानं म्हणाली हं! मी म्हटलं, "अगं, मग आईकडे पाठव की त्यांना." तर म्हणते कशी, "आई नाही चालणार बाबा. आईला पटकन कळतं."

आता यावर मी काय बोलणार? मी पडलो सामान्य माणूस!

तर तो लांबलचक पोरगा. समाजशास्त्राचा. शेजाऱ्याशेजाऱ्यांची भांडणं कशी मिटतात यावर त्याचा प्रबंध. शेकडो घरं पालथी घातलीन म्हणे, लोकांचा चहा पिऊन पिऊन पित्त झालं त्याला. म्हटलं, "बरं, मग कशी मिटतात?" तर घसा खाकरून म्हणतो, "मिटत नाहीत काका. लोक कंटाळतात." ... कंटाळतात! अरे, हे तर मी तुला दारातच सांगितलं असतं! तसं बोललोही मी. तर गडी जराही रागावला नाही. हळूच विचारतो, "तुमचं कुणाशी आहे का काका?" आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून शेजारच्या शिंप्याचं सगळं पुराण बाहेर पडलं! त्याची पाटी, ती माझ्या पाटीवर येते ती, मी त्याला काय म्हणालो, तो मला काय म्हणाला... पोरगा नुसता मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "आणि त्याआधी तुमचं कसं होतं?" त्याआधी? त्याआधी आम्ही एका डब्यात जेवत होतो हो. पोरगा गेल्यावर मी शिंप्याच्या बाजूच्या भिंतीकडे बघत बसलो. झोप गेली ती गेलीच.

मग आली गोगलगायवाली. पर्यावरणाची. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात काचेची बरणी, बरणीत गोगलगायी, आणि कुठल्या? आमच्या दुकानामागच्या नाल्यातल्या! ज्या नाल्यावरून मी नाक दाबून जातो, त्यात ही पोरगी सकाळपासून कमरेत वाकून उभी! "काका, बघा ना, हिचं कवच किती पातळ झालंय. पाणी खराब, म्हणून कवच पातळ. पण जगतेय काका! इतक्या घाणीत अजून जगतेय!" आणि डोळ्यांत पाणी! मी म्हटलं, आता गोगलगायीसाठी कुणी रडतं का? आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बरणीचं झाकण उघडं आहे... एक बाई आरशासमोर चष्म्याच्या फ्रेमी लावून बघत होत्या. तिसरी फ्रेम डोळ्यांवर चढवली आणि "अहो, ही ओली का लागतेय?" म्हणून... जाऊ दे. ती किंकाळी शिंप्यापर्यंत गेली. तो धावत आला, किती दिवसांनी माझ्या दुकानात पाऊल टाकलंन त्यानं, आणि शेवटी काउंटरखाली आम्ही दोघंही गुडघ्यांवर, गोगलगाय शोधतोय! सापडली कुणाला? त्याला. मी म्हटलं, चहा घेऊन जा आता. बसला. पाटीबद्दल तोही बोलला नाही, मीही नाही. कंटाळलो असू.

मग तर रीघच लागली हो! एक जण ताऱ्यांमधल्या धुळीवर. म्हटलं, धूळच हवी तर वरच्या फळीवर बघ. एक मुलगी म्हाताऱ्या बायका मोबाइल शिकतात तेव्हा आधी कुणाला फोन लावतात यावर. (मैत्रिणीला. मुलाला नाही. आमची ही म्हणाली, "यात संशोधन कसलं?" म्हणजे तिला पटकन कळलं.) एक जण झाडाच्या सावलीत आणि पत्र्याच्या सावलीत फरक काय ते मोजत हिंडतो, उन्हात उभा राहून! काळाठिक्कर पडलाय बिचारा. आणि प्रत्येक जण शेवटी विचारणार, "काका, कळलं का?" कळलं म्हणावं तर "मग सांगा बरं", नाही म्हणावं तर पहिल्यापासून सुरू! सुटका कुठे? मी पडलो सामान्य माणूस!

आणि आमची? आमची चिखल वाळवते.

हसू नका. पदार्थविज्ञान आहे ते. चार वर्षं झाली, पोरगी ताटल्यांमध्ये चिखल पसरते, वाळवते आणि त्याला तडे कसे जातात ते बघते. नातेवाईक विचारतात, "मुलगी काय करते हो?" मी म्हणतो, "भौतिकशास्त्र." "म्हणजे नक्की काय?" ... म्हणजे चिखल! कसं सांगणार? "मग आटपणार कधी?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. खोटं कशाला बोलू, मीही घरात तेच विचारायचो. जेवताना, झोपताना, टीव्ही बघताना. आटपणार कधी गं? आटपणार कधी?

गंमत म्हणजे सगळं विद्यापीठ माझ्यासमोर बोलून गेलं, पण ही काही आली नाही. कार्यक्रम उद्यावर आला, तेव्हा दुपारी एकटीच दुकानात आली. डोळे तपासायच्या खुर्चीत बसली. मी आपला उत्साहानं म्हटलं, "चल, होऊन जाऊ दे तीन मिनिटं!" तर म्हणते, "बाबा, मी सोडतेय."

"काय सोडतेयस?"

"पीएचडी. उद्या गाईडबाईंना सांगणार आहे."

तुम्हाला सांगतो, चार वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते हेच की! आटपलं! पण आनंद काही होईना. सवयीनं तिच्या डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवली आणि म्हटलं, "झालं काय ते सांग."

मग सांगायला लागली. म्हणे, ओला चिखल एकदा एका बाजूला हलवायचा, मग स्थिर ठेवायचा. काही चिखलांना ते हलवणं आठवतं. वाळताना तडे त्याच हिशेबानं जातात. हिला दाखवायचं होतं की नदीकाठच्या साध्या चिखलालाही आठवतं. आणि हिचा चिखल काही दाद देईना! "मी किती वेळा केलं बाबा! हळू हलवला, जोरात हलवला, सकाळी केला, दुपारी केला..."

मी म्हटलं, "चिखल दुसरीकडून आणून बघ."

"आणला!"

"जरा दाट घेऊन बघ."

"घेतला रे बाबा! सगळं केलं! विसरतो तो! दाट घ्या, पातळ घ्या, काहीही करा, दरवेळी विसरतो! दरवेळी..."

आणि थांबली. त्या जाड काचांतून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, माझंच काही चुकलं.

"दरवेळी विसरतो," म्हणाली, पण अगदी हळू. "बाबा, प्रयोग चुकला म्हणून मी सगळं बाजूला टाकत होते... पण तो दरवेळी विसरतो! म्हणजे तेच उत्तर आहे!"

आणि उठली, आणि तशीच पळाली! डोळ्यांवर माझी फ्रेम, रस्त्यानं माणसं वळून बघतायत, शिंपी बाहेर येऊन विचारतो, "काय हो, काय झालं?" आता मी काय सांगणार? माझ्या मुलीचा चिखल विसरभोळा निघाला? मला कुठे काय कळलं होतं? मी पडलो सामान्य माणूस!

दुसऱ्या दिवशी आम्ही नवराबायको सभागृहात. शिंपीही आला, बोलावलं नव्हतं तरी. भांडणवाला बोलला, धूळवाला बोलला. बक्षीस शेवटी गोगलगायवालीला मिळालं, मिळायलाच हवं होतं, आम्ही तिघांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. पण त्याआधी आमची उभी राहिली. म्हणाली, "मी चार वर्षं एक गोष्ट सिद्ध करायचा प्रयत्न केला. ती खरी नाही. ती खरी नाही हे मला कसं कळलं, ते आज तुम्हाला सांगते." ... तुम्हाला सांगतो, पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, कारण बायको माझा हात दाबून धरून बसली होती आणि मला चष्मा पुसायचा होता. पण शेवटी एक पिकल्या केसांचे प्राध्यापक उभे राहून प्रश्न विचारायला लागले, एकामागून एक, आणि आमची उत्तरं देतेय, हातवारे करतेय, हसतेय! किती दिवसांनी हसताना बघत होतो तिला.

कार्यक्रम संपल्यावर तिच्या बाई आम्हाला शोधत आल्या. चेहरा नुसता फुललेला. म्हणाल्या, "अहो, तुमच्या मुलीनं कमाल केली! आता चिखल का विसरतो, कोणता विसरतो, किती वेळानं विसरतो, सगळं नव्यानं करावं लागेल. फार मोठं काम आहे. आणखी तीन वर्षं तरी सहज जातील!"

तीन वर्षं! मी हिच्याकडे बघितलं, ही मुलीकडे बघतेय. मुलगी बाईंकडे बघतेय. शिंपी टाळ्या वाजवतोय!

मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची काही हरकत नाही ना?"

म्हटलं, "छे हो, हरकत कसली?" ... इतक्या वर्षांत माझी हरकत कुणी विचारली, तर ती या बाईंनी. आणि तीही सगळं ठरल्यावर!