गोड पाण्याचं घर

मालकीणबाई: बाकी सगळं घर तुझं, पोरी. फक्त ही खोली बाळाला नको. तेवढं एक ऐक माझं.

घर घेणारी: अहो मावशी, सगळ्यांत छान खोली हीच तर आहे. ऊन येतं, खिडकीतून विहीर दिसते. मी तर पाळणा कुठे ठेवायचा तेही मनात ठरवून टाकलंय.

मालकीणबाई: म्हणूनच सांगते. घर विकायचंय मला, पण सातव्या महिन्यातल्या पोरीला फसवून नाही विकायचं. या खोलीत बाळ निळं पडतं.

घर घेणारी: निळं म्हणजे?

मालकीणबाई: आधी ओठ, मग नखं. माझी पहिली मुलगी अशीच गेली. नंतरचा मुलगा माहेरी झाला, चालायला लागल्यावरच इकडे आणला, तो वाचला. वाटलं, टळलं एकदाचं. मग त्याला मुलगा झाला. पाळणा पुन्हा याच खोलीत टांगला. दीड महिन्याचा होऊन तोही गेला.

घर घेणारी: डॉक्टर काय म्हणाले?

मालकीणबाई: हृदय कच्चं असेल म्हणाले. दोन्ही वेळा तेच. सून परत या घरात आली नाही, तिच्या पाठोपाठ मुलगाही गेला. तेव्हापासून खोली बंद. पण दुपारी सामसूम झाली ना, की आतून आवाज येतो. बाळ दूध ओढतं तसा. चुटुक, चुटुक.

घर घेणारी: मावशी, आत्तासुद्धा काहीतरी वाजतंय.

मालकीणबाई: ते झाकण गं पातेल्याचं. चहाचं पाणी ठेवलंय. तुझ्या त्या पाणी तपासणाऱ्या बाई कुठे राहिल्या? केव्हाच्या विहिरीवर आहेत.

घर घेणारी: येतीलच. मी नको म्हणत होते, पण नणंदेनं बजावलं, विहिरीचं घर घेतेस तर आधी पाणी तपास, मग सही कर.

पाणी तपासणारी: (मागच्या दारातून, हातात बाटल्या घेऊन) मावशी, विहिरीच्या वरच्या अंगाला गोठा होता का कधी?

मालकीणबाई: अजून आहे की शेजाऱ्यांचा. शेणखताचा ढीगही तिथेच. पण पाणी बघितलंत ना? आरशासारखं. जन्मभर पितेय मी, कधी पोट दुखलं नाही. पाहुणे कळशा भरून न्यायचे, इतकं गोड.

पाणी तपासणारी: दिसायला सुरेख आहे. वास नाही, गढूळपणा नाही. तीच तर पंचाईत आहे. ही पट्टी बघा, पांढरी होती. पाण्यात बुडवून थोडा वेळ धरली.

घर घेणारी: ही तर गुलाबी झाली. चांगली गडद.

पाणी तपासणारी: नायट्रेट. खत, गोठा, संडासाची टाकी, यांतून जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं. मोठ्या माणसांना सहसा जाणवतही नाही. बाटल्या प्रयोगशाळेत देते, नक्की आकडा तिथून कळेल. पण तोवर तुम्ही हे पाणी पिऊ नका, आणि बाळाच्या दुधात तर थेंबही नको.

घर घेणारी: बाळाला काय होतं त्यानं?

पाणी तपासणारी: रक्ताला प्राणवायू नेता येत नाही.

घर घेणारी: म्हणजे दिसतं कसं? सांगा ना ताई.

पाणी तपासणारी: निळं पडतं बाळ.

मालकीणबाई: माझी बाळं पाणी पीतच नव्हती. दुधावर होती दोघंही.

पाणी तपासणारी: आईच्या?

मालकीणबाई: मला दूध आलं नाही. सुनेलाही पुरेना. पावडरचं दूध द्यायचो.

पाणी तपासणारी: बसा मावशी. राहू द्या आता ते.

मालकीणबाई: का राहू द्या? मी हयगय केली असं वाटतंय का तुम्हाला? पहिलीचा धसका होता मला. नातवाच्या वेळी सुनेला हातही लावू दिला नाही पाण्याला. ती म्हणायची, आई, एक उकळी पुरे. मी नाही ऐकलं. अर्धं आटेपर्यंत उकळायचे, मग त्यात पावडर कालवायची. पोराचे ओठ काळवंडलेले दिसले की आणखी आटवायचे.

घर घेणारी: बरोबरच केलंत की. उकळलं की जातं ना हो ते, ताई?

पाणी तपासणारी: उकळून जंतू मरतात.

मालकीणबाई: आणि हे?

पाणी तपासणारी: हे जात नाही.

मालकीणबाई: पाणी तेवढं उडतं. हे मागे राहतं.

पाणी तपासणारी: मावशी, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. विहिरीचं पाणी दर वर्षी तपासून घ्यायचं असतं, हे कितीजणांना ठाऊक आहे?

मालकीणबाई: मिठाचं पाणी आटलं की जास्त खारट होतं, बाई. हे मला कुणी सांगायला नको होतं.

घर घेणारी: म्हणजे खोलीत काही नव्हतं, मावशी.

मालकीणबाई: खोलीत काही नव्हतं. ही घे किल्ली. घर घेतलंस तर पाळणा खिडकीपाशीच ठेव, ऊन येतं तिथे. पाणी मात्र बाहेरून आण.

घर घेणारी: मावशी, तो आवाज थांबला.

मालकीणबाई: आटलं असेल पातेलं. जा गं, तेवढा गॅस बंद कर. मला नाही जाववत तिकडे.