हुबेहूब बसम्मा

...आणि डोळे तीन! न्हाई न्हाई, हसू नका, तुम्हाला सांगतो, चष्मा पुसून मोजले मी, दोन जागच्या जागी अन् तिसरा गालावर, गळू आल्यावानी. तोंड कानाकडं पळून चाललेलं, रंग निळा, हाताची बोटं म्हणजे अर्धापूरच्या केळ्यांची फणी... आर्ट हाय म्हणे, आर्ट!

अन् हे चित्रातलं ध्यान टांगलं कुठं? लातुरातल्या आमच्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, बरोबर जिथं माझ्या बायकोची, बसम्माची तसबीर होती तिथं! दोन वर्षं झाली तिला जाऊन. पुण्याहून एक डिझायनर पोरगी आली, मान वाकडी करून म्हणती, "काका, हा फोटो ना, थोडा डिप्रेसिंग वाटतो." म्हणलं, बाई, गेलेल्या माणसाचा हाय, नाचत कशी असंल ती? अन् आमचा राजशेखर, कॉलेजात प्रोफेसर, तो काय म्हणावा? "अप्पा, आई मनात असते." मनात! सोयीचं हाय की, मनाला खिळा ठोकावा लागत न्हाई! बसम्मा गेली दिवाणाच्या पेटीत, रजयांच्या खाली, अन् भिंतीवर हे. आर्ट हाय म्हणे!

मी भांडलो का? छे! चौथीत शाळा सोडली ती मास्तरांच्या टोपीत मुंगळे सोडून. भांडणं आपल्याला जमत न्हाईत. परवा तिचं पुण्यस्मरण, पाहुणे यायचे होते. घरातले आवरत होते तवर मी स्टुलावर चढलो, चित्राला झेंडूचा हार घातला, कपाळावर इभूतीचे तीन पट्टे ओढले, उदबत्ती लावली अन् बसलो सोफ्यावर गरीब तोंड करून. म्हणलं, आता पाहुणे खो खो हसतील, प्रोफेसरची इज्जत जाईल, पळत जाऊन आईला पेटीतनं काढंल!

पहिल्या आल्या शेजारच्या सरजाबाई. हात जोडले. मी हसू दाबून राहिलो... तर ह्या बाईनं पदर डोळ्याला लावला, "शेवटच्या दुखण्यात लई हाल झाले हो त्यांचे. चेहऱ्यावर दिसतंय." दिसतंय? अहो, चेहरा कुठाय?

मग उदगीरहून शिवमूर्ती, माझा मेव्हणा, बसम्माचा सख्खा भाऊ, तिच्या कडेवर वाढलेला! म्हणलं, हा तरी वरडंल. हा वर बघतोय... बघतोय... अन् हुंदका! "हुबेहूब आक्का! दाजी, डोळे तर आमच्या अव्वाचेच!" कुठला रे? तिसरा? तुझी अव्वा माझी सासू होती, मी बघितलीय तिला!

एकानं विचारलं न्हाई हो, हे कोण म्हणून. चौदा माणसं आली, पाया पडली, गव्हाची गोड हुग्गी खाऊन गेली. चाळीस वर्षं तिच्या हातची हुग्गी खाल्ली ह्यांनी. हुग्गी ध्यानात हाय, वाढणारी न्हाई. अन् राजशेखर? इज्जत वाचली तसा दारात उभा राहून सगळ्यांना, "या ना, आईचं दर्शन घ्या." आर्ट हाय म्हणे!

सगळे गेल्यावर सुनेला, सुकन्याला, माझी दया आली. पेटीतनं तसबीर काढली, ओढणीनं काच पुसली, "अप्पा, आत्ताच लावते परत." जिंकलोच की मी! बघितलं... बसम्मा माझ्याकडं बघून राहिलेली, दोनच डोळ्यांनी.

म्हणलं, ठेव पोरी, पेटीतच ठेव. आता हिला भिंतीवर लावली, तर उद्या शिवमूर्तीच येऊन विचारंल, "दाजी, ह्या वयात... ही दुसरी कोण?"