गोदाचा कॅमेरा

खोपोलीहून सुटलेल्या एसटीत हरेश मांडीवरचा दुसऱ्या कॅमेऱ्याचा खोका सावरत बसला, तोच पुढच्या सीटवरचा आवाज त्याने ओळखला. त्याच्याच मसाल्याच्या गिरणीवरची गोदा शेजारणीशी बोलत होती.

"कॅमेरा दारावर लावायचा सोडून तुझ्या डोक्यावर कशापायी गं?"

"मीच सांगितलं. छोटा वजनकाटा हरवला ना, तवा गिरणीत मी एकटीच होती."

"शेट बोलला काय तुला?"

"शब्दानं नाय गं. पण सारखा माझ्या पिशवीकडं बघत होता. मी म्हटलं, शेट, माझ्यावरच लावा."

"आन् आता?"

"आता रोज सुटताना कॅमेऱ्यासमोर उभी ऱ्हाते. पिशवी उलटी करून झटकते, पदर झटकते, मग निघते."

हरेशला ते मोबाईलवर रोज दिसायचं. मिरचीची धूळ झटकतेय, असं त्याला वाटायचं.

"कोणी सांगितलं तसं करायला?"

"कोण सांगेल? आपलं आपल्याला कळतं."

काटा चौथ्याच दिवशी हरेशच्या टेंपोत, रिकाम्या गोणींखाली मिळाला होता. तोवर कॅमेरा लागला होता, म्हणून तो कोणाला काही बोलला नव्हता.

"मग काटा गावला का गं शेवटी?"

"गावला असता तर शेटनी सांगितलं असतं की. तसा माणूस नाय तो."

पळसदरीला दोघी उठल्या. हरेशलाही तिथंच उतरायचं होतं. तो चपलेचा पट्टा लावायला खाली वाकला आणि गाडी सुटेपर्यंत वर आलाच नाही.