आलं... आलं... गेलं!

...नाही नाही, हसू नका, तुम्हाला सांगतो, चित्र हलतंय म्हणजे काय, ते ज्याच्या घरी हलतं त्यालाच कळतं! अहो, एवढा मोठा नवा टीव्ही, त्यावर क्रिकेट लावा, सिरियल लावा, झकास! आणि माझा लहानपणीचा व्हिडिओ गेम जोडला रे जोडला, की दोन्ही पैलवान हिवताप भरल्यासारखे थरथरतात! हो, कुस्तीचा गेम. कॅसेटवाला. निळा पैलवान मी, लाल आमची मनीषाताई. आणि एकदाही, एकदाही मी तिला पाडलेलं नाही! बरं, झालं गेलं विसरावं ना माणसानं? नाव नको! दर भाऊबीजेला सगळ्या पाहुण्यांसमोर सुरू, "हा आमचा अश्विन ना, हरला की रडत आईकडे जायचा!" अहो, बँकेत मला लोक साहेब म्हणतात, टक्कल पडलंय मला! लागतं हो मनाला. म्हणून यंदा माळ्यावरून गेम काढला आणि ताईला फोन केला, "या भाऊबीजेला आधी कुस्ती, मग ओवाळणी." ती म्हणते, "रुमाल जवळ ठेव."

आणि गेमला पिवळी पिन, पांढरी पिन, नव्या टीव्हीला त्यांच्यासाठी भोकच नाही! गेलो आमच्या इथल्या द्वारका चौकात. तिथलं ट्रॅफिक... जाऊ द्या, त्यावर वेगळा कार्यक्रम करावा लागेल. तर दुकानदार केरूशेठ म्हणाला, "साहेब, ही कन्व्हर्टरची डबी न्या. जुनं इकडून घाला, नवं तिकडून काढा, विषय संपला!" विषय संपला? विषय तिथून सुरू झाला! मी टीव्हीच्या मागे, बायको, म्हणजे स्नेहल, समोर सोफ्यावर. "आलं का गं?" "आलं... आलं... गेलं!"

हे "आलं, आलं, गेलं" मी पहिल्यांदा कुठं ऐकलं माहितीये? एकलहऱ्याला! वडील थर्मलमध्ये, म्हणजे तिथल्या वीजकेंद्रात, कॉलनीत क्वार्टर, रविवारचा पिक्चर, आणि गच्चीवर अँटेना धरून उभं कोण? मी! खालून ताई ओरडणार, "आलं... आलं... गेलं! तिथेच थांब, हलू नकोस!" तुम्हाला सांगतो, माझ्या लहानपणीचे सगळे पिक्चर मी फक्त ऐकलेत!

मग काय, केरूशेठला फोन. "साहेब, डबीवरचं छोटं बटण सरकवा." सरकवलं. पैलवान जाडे झाले, थरथर तीच! बँकेतला नवनाथ म्हणतो, "सर, डबीला टीव्हीतनं करंट पुरत नसणार, मोबाईलचा चार्जर लावा." लावला. आलं... आलं... गेलं! इंटरनेटवर एक पोरगा सांगतो, जुना गेम म्हणे अर्ध्याच रेघा पाठवतो, आणि नवा टीव्ही उरलेल्या शोधत वरखाली करत बसतो, तर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावा. लावला. आता पैलवान जोरात थरथरतात! स्नेहल म्हणते, "अहो, कॅसेट फुंकलीत का?" फुंकली! घरात येईल तो फुंकून गेला, दूधवाल्यासकट! जुन्या टीव्हीला निदान डोक्यावर थाप मारता यायची, याला मारायची कुठं? पापडाएवढी जाडी!

उजाडली भाऊबीज. ताई आली, बाह्या सरसावूनच आली. फराळाला खालच्या मजल्यावरचे सोमनाथकाका, थर्मलमधून रिटायर झालेले. चिवडा खाता खाता म्हणतात, "अर्थिंग! सगळं आयुष्य गेलं माझं विजेत, सांगतो तुला, अर्थिंग नाही!" मी म्हटलं, हो काका, चकली घ्या. वैतागून टीव्हीमागे घुसलो, पिवळ्या पिनेचं धातूचं टोक चिमटीत धरलं आणि ओरडलो,

"आलं का?"

"आलं!"

"गेलं का?"

"नाही गेलं!"

हात काढला, गेलं. धरलं, आलं. काका ओरडले, "बघ! अरे, तूच अर्थिंग झालास!" आणि ताई, अगदी त्याच आवाजात, "तिथेच थांब! हलू नकोस!"

अगं, पण माझी कुस्ती? तर स्नेहल म्हणते, "अहो, तुम्ही धरा हो, मी बघते ताईंकडे." हिनं जन्मात गेमला हात लावलेला नाही! मी टीव्ही आणि भिंतीच्या फटीत, तोंडासमोर टीव्हीची पाठ. टुक टुक टुक... धप्प! टाळ्या! "कोण पडलं?" तर ताईचाच आवाज, "वहिनी, हे चिटिंग आहे हं!" पडली! ताई पडली! सगळं लहानपण ज्याची वाट बघितली ते झालं, आणि मी म्हणतोय, "अगं, कशी पडली? पाठीवर पडली का?" मान बाहेर काढायला गेलो तर सगळे एकदम, "गेलं! गेलं!" परत आत. वाईट वाटलं हो, डोळ्यात पाणी आलं. पण पुसणार कसं? हात पिनेवर! रुमालाचं ताईनं बरोबर सांगितलं होतं.

ओवाळायलासुद्धा ताट घेऊन ताई टीव्हीमागे आली. मी उठलो तर चित्र जातं ना!

आता दर रविवारी आमच्याकडे कुस्त्या असतात. गंगापूर रोडची आमची अख्खी सोसायटी लोटते. चित्र म्हणाल तर एकदम स्थिर, जरा म्हणून हलत नाही. सगळे म्हणतात तसं. सगळे म्हणतात म्हणजे असेलच... मी कुठं बघितलंय!